कोरडा सांधा

हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळात टेपतात्यांकडे परवाना नव्हता, रेडिओवर ते आयुष्यात एकदाही बोलले नव्हते, आणि तरी त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. घरात पंख्याखाली बसून जगाशी गप्पा मारणारे पुष्कळ असतात. गच्चीवर उन्हात उभं राहून, अँटेनाच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून तासभर पट्ट्या गुंडाळणारा एखादाच असतो. तात्या मूळचे प्लंबर. पाणी नळात ठेवण्यात उभी हयात गेली आणि उतारवयात पाणी बाहेर ठेवायचं काम गळ्यात पडलं. "पाणी तेच, बाजू बदलली," असं ते म्हणायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कनेक्टर हातानं घट्ट पिळायचा, पक्कड लावायची नाही. त्यावर पहिला थर साध्या टेपचा, पण चिकट बाजू बाहेर ठेवून. नवख्याला वाटायचं, म्हातारा चुकला. तो थर असायचा पुढे कधीतरी सांधा उघडणाऱ्या माणसासाठी. कनेक्टरला चिकटा लागत नाही आणि वरचं सगळं सालीसारखं सुटून येतं. मग काळी पुट्टी, कधीच न वाळणारी, मेणासारखी, अंगठ्यानं दाबत दाबत. त्यावर रबरी पट्टी, ताणली की स्वतःलाच चिकटणारी. आणि शेवटी पुन्हा टेप, खालून वर, कौलं रचतात तशी, म्हणजे थेंब थरावरून थरावर घसरतो, आत जात नाही. वरून खाली गुंडाळणाऱ्याला तात्या ऐकवायचे, "सांधा नाही, पन्हळ केलीस तू."

हे सगळं त्यांना शिकवलं होतं त्यांच्या बायकोनं. परवाना तिचा, रेडिओ तिचा, अँटेना तिची. शाळेत शिकवायची म्हणून मंडळातले तिला बाई म्हणत. तात्याही बाईच म्हणायला लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीनं.

दोघांचा वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. खांबाच्या टोकाला प्लास्टिकची डबी होती. अँटेनाच्या दोन्ही तारा तिच्यात येऊन मिळायच्या आणि केबल तिच्या बुडातून खाली यायची. त्या बुडाला बाईंनी खिळा तापवून एक बारीक भोक पाडलं होतं. प्लंबरच्या डोळ्याला ते बघवत नव्हतं. "भोक दिसलं की तुमचे हात शिवशिवतात," बाई म्हणायच्या. "राहू द्या ते. माझी डबी आहे." तात्या गप्प बसायचे, पण पटलं म्हणून नाही. बाईंपुढे कुणाचंच काही चालत नसे, म्हणून.

मग बाई आजारी पडल्या. आजार काय होता ते सांगून काही उपयोग नाही. होता तो वाईट होता. त्यातल्या एका बऱ्या दिवशी त्या गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या आणि खांबावर डोक्याच्या उंचीला असलेला जुना सांधा उतरवून त्यांनी नव्यानं बांधला. तात्यांना हात लावू दिला नाही. पुट्टी झाली, पट्टी वरून बोटभर कमी पडली, टेप अर्ध्यावर आली आणि त्या म्हणाल्या, "दमले बाई. वरचं तेवढं तुम्ही उद्या करा." वर बोटभर पुट्टी उघडीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

बाईंचं दिवसकार्य झाल्यावर तात्या टेप घेऊन उरलेलं काम पुरं करायला गच्चीवर गेले, आणि टेप हातात तशीच राहिली. पुट्टीवर अंगठ्याचा ठसा होता. स्पष्ट, रेघ न् रेघ दिसेल असा. मधून एक तिरपी चीर गेलेली. पत्र्याचा डबा उघडताना बाईंचा अंगठा कापला होता, त्याची ती खूण. तात्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि टेप खिशात घातली. मग पाण्याची एक बाटली कापून त्यांनी त्या सांध्यावर टोपीसारखी उपडी बांधली, ठशाला ऊनपाऊस लागू नये म्हणून.

त्याच आठवड्यात त्यांनी घरातला नळ न् नळ उघडून नवे वायसर घातले, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरलं. कुठूनही काही गळू द्यायचं नाही, हा एकच ध्यास. खांब आडवा करून डबीच्या बुडाचं भोकही पुट्टीनं गच्च भरून टाकलं. आता अडवायला कोणी नव्हतं.

रोज तिन्हीसांजेला मंडळाची रेडिओवर हजेरी व्हायची. हजेरी घ्यायचे घड्याळवाले, म्हणजे पेठेच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. ते एकेकाची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, पुकारायचे, तो तो उत्तर द्यायचा. बाई गेल्यावरही त्यांनी बाईंची कॉलसाइन गाळली नाही. ते ती पुकारायचे, थांबायचे आणि मग पुढच्याकडे वळायचे. तात्या स्वयंपाकघरात लहानसा रिसीव्हर लावून बसायचे ते त्या थांबण्यासाठी. ती शांतता आली की ते हातातली भांडी खाली ठेवत. त्या शांततेत कधी आतल्या खोलीत खुर्ची सरकल्यासारखी वाटायची, कधी कुणी बोलण्याआधी श्वास घेतल्यासारखा. तात्या भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. पण एकदा त्यांनी उठून आतला दिवा लावून बघितला होता, आणि खोली रिकामी दिसल्यावर त्यांना भीती नाही वाटली, राग आला.

वर्ष होत आलं तेव्हा तात्यांच्या लेकीनं परीक्षा देऊन स्वतःचा परवाना काढला. कुणाला सांगितलं नव्हतं. कागद बापापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, आईच्या जागी मी उत्तर देणार. घड्याळवाल्या काकांशी बोलले मी. ते म्हणाले, या महिन्यानंतर मी तिचं नाव घेणार नाही, मलाच सोसत नाही आता. तू त्याच्या आधी ये."

तात्या म्हणाले, "चांगलं आहे." दुसरं काय म्हणणार? पोरीनं आईचा रेडिओ पुसला, केबल जोडली, बटण दाबलं. नुसती खरखर. मीटरचा काटा सांगत होता की ताकद अँटेनात जात नाही, जिथल्या तिथे परत येतेय. तिनं मंडळात विचारलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: वर्षभर अँटेना उघड्यावर आहे, सांध्यात पाणी गेलं असणार. सांधा उघडा.

घड्याळवाल्यांचा तात्यांना फोन आला. "तात्या, तुमच्या घरच्या अँटेनात पाणी? लोक हसतील हो आम्हाला. सांधा उघडून बघितलात?"

"बघितला," तात्या म्हणाले. "कोरडा आहे."

साफ खोटं. आणि एकदा खोटं बोललं की माणसाला ते निस्तरत बसावं लागतं. तात्यांनी सांध्याखाली हातभर केबल सोडून पुढची सगळी बदलली. खरखर तशीच. घरातला कनेक्टर बदलला, रेडिओ डाव्या काखेत मारून दुरुस्तीला नेऊन आणला, अंगणात पुरलेल्या अर्थिंगच्या तारेभोवतीची माती ओली करून बघितली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी ते बाटली जरा वर करून ठसा बघायचे आणि परत झाकायचे. सांधा उघडायचा म्हणजे पुट्टीवर सुरी चालवायची. बाईंचे कपडे बहिणींनी नेले होते, चष्मा शाळेतल्या शिपाईबाईंना दिला होता. फोटो होते, पण फोटो दुसऱ्या कुणीतरी काढलेले असतात. बाईंनी स्वतःच्या हातानं उमटवलेलं एवढंच एक उरलं होतं.

महिना संपायला आला. एका सकाळी लेक गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. तात्या वर गेले तर ती खांबापाशी उभी होती.

"ही आईची निळी टेप आहे, बाबा. तुम्ही काळी वापरता."

तात्यांनी बाटली सारखी केली.

"तुम्ही उघडलाच नाही हा."

"उघडतो," तात्या म्हणाले. "तू खाली जा. मीटर घेऊन बस, मी हाक मारतो."

ती भांडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. ती मुकाट्यानं गेली. तात्यांनी बाटली सोडली, आणि सुरी लावण्याआधी त्यांनी आपला अंगठा त्या ठशावर टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला. पुट्टी उन्हानं कोमट झाली होती. "बाई, माफ करा," ते म्हणाले, अगदी मोठ्यानं, आणि ठशाच्या खालच्या अंगानं सुरी फिरवली.

वरचा पुट्टीचा तुकडा ठशासकट वेगळा झाला. तो त्यांनी दोन बोटांत धरून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. मग उभी चीर दिली. बाईंनी पहिला थर चिकट बाजू बाहेर ठेवून घातला होता. सगळं एका हिसक्यात निघून आलं. कनेक्टर पिळून सोडला आणि तात्यांनी तो उन्हात धरला.

आत पितळ झळझळत होतं. पाण्याचा थेंब नाही, हिरवा डाग नाही. काल जोडल्यासारखा कोरडा.

तात्या कठड्यावर बसले. महिनाभर जे खोटं सांगत होते तेच खरं निघालं होतं. बाईंच्या सांध्यात दोष नव्हता, आणि तो आता त्यांनी मोडला होता. खालून लेकीनं विचारलं, "बाबा, पाणी सापडलं?" ते म्हणाले, "थांब जरा." मग त्यांची नजर वर गेली आणि त्यांना कळलं. कळलं म्हणजे, इतके दिवस जे मनात यायला बघत होतं ते आलं.

त्यांनी खांबाचे बोल्ट सैल करून तो आडवा केला. डबी हातात घेतली तर जड लागली. बुडातली स्वतःची पुट्टी त्यांनी खिळ्यानं टोकरून काढली, आणि भोकातून पाण्याची धार लागली, तांबूस, कुबट वासाची. ती त्यांच्या पायावर पडत राहिली. कितीही झाका, रोज दिवसा डबी तापते आणि रात्री गार होताना तारांच्या फटींतून दमट हवा ओढते. आत आलेला ओलावा बाहेर जायला एक वाट लागते. ती वाट तात्यांनी बुजवली होती, काळजीनं, प्रेमानं, गच्च. आता त्यांना रडू आलं, आणि ते थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. धार संपून थेंब होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

दुपारभर त्यांनी काम केलं. डबी वाळवली, आतले गंजलेले स्क्रू बदलले, भोक खिळ्यानं साफ केलं आणि उघडं ठेवलं. खांब उभा केला. सांधा नव्यानं बांधला, पहिला थर उलटा, शेवटचा खालून वर, थेट टोकापर्यंत. खालून लेक ओरडली की काटा जागेवर आला. ऊन कडक होतं आणि सदरा पाठीला चिकटला होता.

तिन्हीसांजेला लेक आईच्या खुर्चीत बसली. तात्या दारात उभे राहिले. एकेक कॉलसाइन होत गेली. बाईंची आली. घड्याळवाले थांबले. ती शांतता तात्यांनी वर्षभर राखली होती. तिच्यात दुसरं कुणी बोललेलं आपल्याला सोसेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीनं बटण दाबलं आणि स्वतःची कॉलसाइन सांगितली. पलीकडून काहीच आलं नाही. बराच वेळ नुसती हवा. मग घड्याळवाल्यांचा आवाज आला, घोगरा झालेला. "परत सांगा. नीट ऐकू आलंय, तरी परत सांगा." तिनं परत सांगितलं. आवाज थेट बाईंचा होता, आणि बाईंचा नव्हता. तात्यांनी दाराची चौकट धरली.

मग सगळेच मध्येमध्ये बोलायला लागले, शिस्त मोडून. लेक हसत मागे वळली. "बाबा, ऐकलंत?"

तिला द्यावं म्हणून तात्यांनी वरच्या खिशात हात घातला. तुकडा कापडाला चिकटला होता, ओढून काढावा लागला. दिव्याखाली त्यांनी तो तळहातावर ठेवला. उन्हानं आणि अंगाच्या उबेनं पुट्टी मऊ होऊन चपटी झाली होती. त्यावर सदऱ्याच्या कापडाची वीण उमटली होती, बारीक, आडवीउभी. चीर नव्हती. रेघा नव्हत्या.

"काय आहे ते?" लेकीनं विचारलं.

"तुझ्या आईच्या अंगठ्याचा ठसा होता यावर. म्हणून मी सांधा उघडत नव्हतो."

लेकीनं तो गोळा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. तिचे डोळे भरून आले. "मला सांगायचं होतंत, बाबा. फोनवर एक फोटो तरी काढून ठेवला असता."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. वर्षभर रोज ते गच्चीवर जात होते, आणि फोन रोज खिशात होता.

"सुचलंच नाही गं," ते म्हणाले.