कोरडा अंबाडा

आईच्या दम्याच्या औषधांचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलेलं होतं. डिसेंबरात त्यात माझ्या धाकट्या भावाने पेनाने एक ओळ घुसडली: रविवार, सकाळी सात, बाप्तिस्मा.

आई चाळीस दिवसांची असतानाच फादरांनी तिच्या कपाळावर पाणी ओतलेलं आहे. आम्ही त्याला स्नानसंस्कार म्हणतो. पण भाऊ वर्षभरापासून सोमाटण्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या मंडळीत जातो. तिथल्या पास्टरांच्या मते कपाळ भिजवणं म्हणजे पाण्याची नासाडी. माणूस समजून-उमजून अख्खा बुडाला पाहिजे, नाहीतर तारण नाही, स्वर्ग नाही. हे ज्ञान भावाने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पाजलं आणि ती जेवेनाशी झाली.

"आन् तुजा बाप? त्यो तर न बुडताच गेला," ती त्याला विचारायची.

"ते प्रभू बघेल, आई."

घाबरवायला हा, निस्तरायला प्रभू.

मी लोणावळ्यात आमच्या फादरांकडे गेले. ते म्हणाले, स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच, दुसऱ्यांदा घेणं हा पहिल्याचा अपमान. म्हटलं, एवढंच घरी येऊन आईला सांगा. तर नाताळच्या गाण्यांची तालीम होती. शेजारीण तिसऱ्याच चर्चमध्ये जाते. ती म्हणाली, पाणी ही नुसती खूण, विश्वास पुरे. मग नातवाच्या बाप्तिस्म्याला हॉल कशाला घेतला होता, ते मी विचारलं नाही.

आई जायचंच म्हणाली. मी दोन टॉवेल, कोरडं लुगडं, दम्याचा पंप, थर्मास आणि डबा भरला. भावाने बायबल घेतलं.

बुडवायची जागा म्हणजे परंदवडीतलं एक शेततळं, काळ्या प्लॅस्टिकचं, शेवाळाने निसरडं. मळ्याचा मालक काठावर दात घासत उभा होता.

"मावशीला आंगूळ घालताय व्हय? मोटर चालू करू का?"

पास्टर त्याच्याकडे बघून क्षमाशील हसले. त्यांनी आणि भावाने आईला दंडाला धरून कमरेएवढ्या पाण्यात नेलं, पुढे वाकवून बुडवलं आणि वर काढलं. आई खोकायला लागली. मी पंप घेऊन धावले, तेवढ्यात पास्टर तिच्या डोक्याकडे वाकून बघायला लागले.

"मावशी, अंबाडा कोरडा राहिला. पुन्हा एकदा घ्यावं लागेल."

"ताई, एकच मिनिट," भाऊ मला म्हणाला. त्याची आई धापा टाकत होती आणि तो तिच्या अंबाड्याची चिंता करत होता.

आईने पंप ओढला, श्वास जागेवर आणला.

"अंबाडा ऱ्हाऊ द्या की. बाकीची म्या जाते सर्गात."

"अर्धवट चालत नाही, मावशी. बायबलचं वचन आहे."

"एवढ्या अंबाड्यापायी अडवतोय व्हय तुमचा देव?" ती म्हणाली. "मंग म्या कोरड्यांतच बरी. आमचं म्हातारं बी तितंच हाय."

आणि माझा हात धरून ती काठावर चढली. मालकाने तोंडातला ब्रश काढून दुसरा हात दिला. तिथल्या तिघांत तेवढाच एक पुरुष कामाचा.

लुगडं बदलून गाडीत बसल्या बसल्या तिने डबा मागितला. दोन चपात्या खाल्ल्या, तिसरी अर्धी मला दिली. भाऊ अजून तळ्यात उभा राहून पास्टरांशी वचनावर बोलत होता.