न बदलणारी खूण

आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघायला एक तंत्रज्ञ फुलंब्रीहून येतो. सकाळी एकदाच पासवर्ड टाकला की बाकीचे सगळे प्रोग्राम आपोआप उघडतात, ही त्याचीच करामत. त्यासाठी स्क्रीनवर आलेली खिडकी कोणत्या प्रोग्रामची, हे मशीनला ओळखता यावं लागतं. म्हणून तो एकेक खिडकी दहादा उघडतो, मिटतो आणि तिच्या खुणा वहीत लिहून घेतो.

"वर नाव लिहिलेलंच असतं की," मी एकदा म्हटलं.

"नाव उद्या बदलतंय, ताई. बदलत नाय ते हुडकावं लागतं. आमचा बा मेंढरं लोकरीवरून नाय ओळखायचा. लोकर कातरली की लई फसगत. तो कान बघायचा, चाल बघायचा."

केमो संपवून मी कामावर परतले तेव्हा डोक्याला रुमाल होता, भुवया गेल्या होत्या, अंगानं निम्मी झाले होते. वॉचमननं नाव विचारलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आधी गोंधळली, मग घाईघाईनं हसली.

तो माझ्या टेबलाखाली पाठमोरा बसून वायरी जोडत होता. मी नेहमीसारखी डावी चप्पल फरशीला घासत खुर्चीपाशी गेले.

"आलात व्हय, ताई?" तो आतूनच म्हणाला. "मशीन लावून ठेवलंय तुमचं. पासवर्ड तेवढा टाका."

मग तो बाहेर आला. माझ्याकडं नीट बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.