लाकडी फरशीतलं पिंपळपान

गेल्या गुरुवारी चिखलीला माझंच काम बघायला गेले होते. माझं पहिलं स्वतंत्र काम... पॉलिश वाळलं होतं आणि घरातली माणसं त्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवणार होती. ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

काम होतं एका खोलीच्या लाकडी फरशीचं. घर एका नर्सताईंचं. त्यांच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी घरातल्या घरात रोज चालायला सांगितलंय. पण टाइल्स थंड लागतात, घसरायची भीती वाटते, म्हणून ते चालायचंच टाळत होते. ताई त्यांना मामाजी म्हणतात, आता मीही म्हणते. तर मामाजींसाठी मागच्या मोठ्या खोलीत सागवान टाकायचं ठरलं.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. इंटिरियर डिझाईन शिकून आमच्या गावी, उंद्रीला परत आले तेव्हा आईने विचारलं होतं, "खाली लाकूड कसं टाकाचं, हे लोकं तुले इचारतीन?" विचारलं, आई... एका घराने तरी विचारलं. चांगलं डिझाईन फक्त पुण्याच्या फ्लॅटमध्येच का असावं, हे माझं आवडतं मत आहे आणि ते मी ताईंना पहिल्याच भेटीत ऐकवलं.

मग मोबाईलवर एकेक प्रकार दाखवले. साध्या सरळ पट्ट्या. माशाच्या काट्यासारख्या तिरक्या जोडलेल्या पट्ट्या, ज्याला हेरिंगबोन म्हणतात. चटईच्या विणीसारखे चौकोन. कडेने गडद लाकडाची बॉर्डर... ताईंचं मन बॉर्डरवर बसलं.

मला मात्र तेवढ्यावर थांबवेना. घर बौद्ध, आमचंही तेच, म्हणून मधोमध शिसवाचं मोठं पिंपळपान बसवू असं मी सुचवलं. उजळ सागवानात काळपट पान. ताईंना फार आवडलं. मामाजींनी चष्मा लावून चित्र पाहिलं, चांगलं हाय म्हणाले.

लाकूडकाम करणाऱ्या मिस्त्रींनी पान असं बसवलं की नख जाईल एवढी फट नाही. काम संपवून म्हणाले, "मॅडम, पान तर लावलं, पन त्याले पानी घालू नका म्हना. लाकूड फुगते."

गुरुवारी मिस्त्रीही बघायला आले होते. मग मामाजी आले. चप्पल दाराबाहेर काढली, चौकटीला हात धरून आत आले आणि भिंतीला धरून कडेकडेने चालू लागले... भिंत, कपाट, खिडकी. कपाटापाशी जागा अरुंद, तिथे ते आडवे होऊन सरकले. ऑपरेशनचा पाय ओढून घेताना त्यांचं तोंड दुखण्याने वाकडं झालेलं मला दिसलं.

"मामाजी, मधातून चाला न. कडीनं काऊन चालून राह्यले?" ताई म्हणाल्या.

"मधात पान हाय न, बाई."

ताई हसल्या आणि त्यांना धरायला निघाल्या. जाताना त्यांनीही पानाला वळसा घातला... त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आता मात्र मला राहवेना. "मामाजी, ते नुसतं डिझाईन हाय. सगळं लाकूडच. बिनधास्त पाय द्या," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. खिडकीला टेकून म्हणाले, "मंग तू चालून दाखव, पोरी."

मी निघाले. पानाच्या देठापर्यंत आले... आणि पाय पुढे पडेचना. विहारापुढच्या पिंपळाचं गळलेलं पानसुद्धा आई आम्हाला कधी तुडवू द्यायची नाही. मोबाईलवर मला ते डिझाईन दिसत होतं. पायापाशी आलं तेव्हा ते पिंपळाचं पान होतं.

"काय झालं मॅडम? डिझाईनच हाय न?" मागून मिस्त्री. मामाजी हसायला लागले, मग मीही. पण हसता हसताच लक्षात आलं... खोली केली मामाजींच्या चालण्यासाठी, आणि तिची मधली सगळी जागा मीच अडवून ठेवली होती.

ताई म्हणाल्या, राहू द्या, होईल सवय. मला कळत होतं की सवय झाली तर ती कडेने चालायचीच होईल, आणि एखाद्या दिवशी कपाटापाशी पाय अडकेल. मी मिस्त्रींना विचारलं, पान काढता येईल का?

"येते. पन माह्याच हातानं लावलं, माह्याच हातानं काढाचं... जीव नाही होत." असं म्हणाले, तरी शनिवारी ते आले. पानाभोवतीचा चौकोन कापून अलगद उचलला आणि तिथे साध्या पट्ट्या बसवल्या. पान आता त्याच खोलीत, वंदनेच्या जागेमागे भिंतीवर आहे. तिथे ते शोभतं.

नव्या पट्ट्या जरा उजळ दिसतात. दोनदा पॉलिश मारलं तरी फरक कळतोच. माझ्या डोळ्यांना तो खुपतो, खोटं कशाला बोलू...

काल ताईंनी व्हिडिओ पाठवला. मामाजी दारातून निघून थेट खिडकीपर्यंत खोलीच्या मधून चाललेत, परत आलेत, पुन्हा गेलेत. त्या उजळ पट्ट्यांवरून जाताना त्यांनी खाली पाहिलंही नाही.

मामाजी, तुम्ही मला चालून दाखव म्हणालात, त्याबद्दल मनापासून आभार. यापुढे कुठल्याही घराच्या फरशीचं डिझाईन मी आधी त्याच खोलीत खडूने काढणार आहे... घरातल्या सगळ्यांना त्यावरून चालायला लावणार, आणि त्यानंतरच मिस्त्रींना लाकूड कापायला सांगणार.