दोन खेळपाट्या आणि पार्बताबाईचा कौल

राजापेठेत कोणती वस्तू चालणार हे आधी पार्बताबाईला कळायचं, मग दुकानदाराला, आणि सगळ्यात शेवटी ती वस्तू बनवणाऱ्याला. भातकुलीहून डोक्यावर टोपलं घेऊन येणारी, वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणारी ही बाई. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. प्लास्टिकच्या बादल्या पहिल्यांदा बाजारात आल्या तेव्हा सगळी पेठ लाल-पिवळ्या रंगावर लट्टू झाली होती. बाई एवढंच म्हणाली, "औंदा नाई चालत. बाया बादली ठोकून पाह्यतात, आवाज येत नाई, अन् ठेवून देतात." त्या वर्षी बादल्या दुकानांतच लटकत राहिल्या. त्यांच्यात कोळ्यांनी संसार थाटले.

तिच्या बसायच्या जागेमागेच शालिकरामचं खेळण्यांचं दुकान होतं. थोरला भाऊ देवीदास, त्याची फळांची अडत. शालिकराम त्या अडतीतच लहानाचा मोठा झाला आणि सहा महिन्यांपूर्वी तिथून बाहेर पडून त्यानं स्वतःचं दुकान काढलं. भावानं निरोप दिला तो असा: "दिवाळीपर्यंत पाह्य. नाई चाललं त ये वापस, संत्र्याच्या ढिगापाशी उभा राह्य अन् बोली पुकार." दिवाळी आता दीड महिन्यावर आली होती आणि दुकानात भिंगऱ्या सोडून काही हलत नव्हतं.

अशात दोन खेळ एकाच आठवड्यात दारात आले. पहिला बुधाजीचा. बुधाजी कापसाच्या जिनात फिटर. सागवानाची उतरती पाटी, तिच्यावर खिळ्यांची अर्धगोल घरं, घरांवर आकडे. स्प्रिंगची दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी सुटायची आणि खिळ्यांना धडकत कुठल्या तरी घरात बसायची. गोळ्या जिनातल्या झिजलेल्या बेअरिंगच्या.

दुसरा खेळ अकोल्याच्या केशवरावांचा. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. खेळ तसाच, पण पेटीत सेल, घरांच्या जागी भोकं. गोळी भोकात पडली की आकड्याखाली लाल-हिरवा दिवा लागे आणि घंटी वाजे. केशवरावांची एकच अट होती: "माही पेटी ठेवसान त दुसऱ्याची पाटी दुकानात दिसली नाई पाह्यजे." बुधाजीलाही उत्तर लगेच हवं होतं. "आज हो म्हना, दिवाळीले वीस पाट्या करून देतो. नाई म्हना, लाकूड दुसऱ्या कामाले लावतो."

बाजाराच्या दिवशी शालिकरामनं दोन्ही खेळ ओट्यावर मांडले. संध्याकाळच्या मोटारीआधी केशवरावांना उत्तर द्यायचं होतं.

दुपारपर्यंत उत्तर ठरल्यासारखंच होतं. पेटीभोवती माणसांचे तीन-तीन वेढे. घंटी वाजली की "वाह रे वा!" पाटीपाशी मोजून चार जण. शालिकराम अडतीत वाढलेला. ज्या ढिगाभोवती गर्दी त्याच ढिगाची बोली चढते, हे त्यानं दुधाबरोबर प्यायलेलं. तरी राहवलं नाही म्हणून खाली वाकून त्यानं विचारलं,

"मावशी, दिव्याची पेटी चालन ना?"

"नाई," बाई वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाली.

"काहून?"

"तिथं कोनी भांडून नाई राह्यलं."

शालिकराम हसला. "भांडन नाई म्हंजे चांगलंच ना, मावशी!"

"घरात चांगलं. खेळात कायचं चांगलं? दिवा लागला, घंटी वाजली, इषय संपला. मानूस पाह्यते अन् जाते. अन् इकडं पाह्य. गोळी खिळ्याले टेकून उभी हाय. हा म्हन्ते आत, थो म्हन्ते बाहीर. आता थो घरी जाईन का? सकाळपासून बसले हायेत, बाप्पा."

शालिकरामनं पाहिलं. आणि मग पाहतच राहिला. पेटीभोवतीची गर्दी तेवढीच होती, पण एकही चेहरा मघाचा नव्हता. पाटीपाशी मात्र तेच चौघं: शिंपी, टांगेवाला आणि दोन हमाल. शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. टांगेवाल्याचा घोडा स्वतःच निघून जाऊन पिंपळाखाली उभा राहिला होता. सकाळपासून हे सगळं त्याच्या नाकासमोर चाललं होतं. त्यानं डोकी मोजली होती, तोंडं पाहिलीच नव्हती.

तरी भीती जाईना. एका भाजीवालीच्या शब्दावर सगळं दुकान टांगायचं? त्यात देवीदास आला. "काय शालक्या, वांग्याचा भाव इचारून राह्यला का दुकानाचा?"

पाठोपाठ केशवरावही आले. मोटारीला अर्धा तास होता. "उत्तर द्या, शालिकरामजी. तवर या फिटरचं काम त पाहू," म्हणत ते पाटीशी बसले. देवीदास समोर बसला. चार गोळ्या सुटल्या. पाचवी शंभराच्या घराच्या तोंडाशी, खिळ्याला खेटून थांबली.

"आत!" केशवराव.

"बाहीर! डोये हायेत का संत्र्याच्या फोडी?" देवीदास.

"अर्धी आत हाय ना, भाऊ!"

"अर्धा मानूस मोटारीत बसला म्हून अकोल्याले पोचते का?"

शिंपी एका बाजूनं झाला, टांगेवाला दुसऱ्या. स्टँडावरून भोंगा ऐकू आला. कोणीतरी म्हणालं, "केशवराव, मोटार!"

"जाऊ द्या थ्या मोटारीले! आधी या गोळीचा निकाल लावा!"

दिव्यांची पेटी स्वतःच्या हातानं बनवणारा माणूस तिच्याकडे पाठ करून एका गोळीसाठी घसा फोडत होता. शालिकरामनं वळून पार्बताबाईकडे पाहिलं. ती कुणाला तरी बिनकिडीची वांगी निवडून देत होती. इकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. घडणार ते तिनं दुपारीच पाहून ठेवलं होतं. घडताना पाहायची तिला गरज कुठली!

बऱ्याच वेळानं केशवराव भानावर आले. पेटीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, टोपी सारखी केली. "तुमचं उत्तर समजलं मले, शालिकरामजी," ते हळू आवाजात म्हणाले. "पन थे गोळी आत होती."

त्याच संध्याकाळी बुधाजीला निरोप गेला. त्याच्या वीस पाट्या धनत्रयोदशीलाच संपल्या.

पाडव्याच्या सकाळी शालिकराम दुकान उघडायला निघाला तर घराघरांतून ऐकू येत होतं, "आत!" "बाहीर!" एका ओसरीवर सासरा-जावई हमरीतुमरीवर आले होते आणि शेव-चिवड्याच्या ताटल्या तशाच पडल्या होत्या. देवीदासच्या अडतीपुढं संत्र्यांच्या गाड्या खोळंबल्या होत्या, कारण मालक आत पाटीवर वाकला होता. शालिकराम गल्लीच्या मधोमध थांबला आणि देवळातल्यासारखा हात जोडून ते भांडण ऐकत राहिला.