कळकलेली अंबाडी

किनवटजवळ जंगलाच्या कडेला मी एकदा पातेलंभर अंबाडीची भाजी मातीत ओतली. एरवी घासभर अन्न वाया गेलं तरी माझा जीव हळहळतो. त्या भाजीबद्दल मात्र मला आजही बरं वाटतं.

माझी धाकटी बहीण नांदेडला असते, मी लातूरला. तिला कॅन्सर निघाला तशी मी तिच्याकडेच राहायला गेले. सहा महिने केमो चालली. केस गेले, वजन गेलं, आणि तोंडाची चव गेली. दूध असो, वरण असो, नाहीतर साधं पाणी, एक घोट घेऊन म्हणायची, "अक्का, कळकल्यागत लागतंय." आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात राहिला की त्याला जी कडवट, धातूची चव येते, ती तिला सगळ्यातच लागायची. सुरुवातीला मी ताट परत न्यायची, दुसरं काही करून आणायची. पुढे पुढे सवय झाली. ती म्हणायची, मी मान डोलावून "हाव" म्हणायची आणि ती डोळे मिटून गिळायची. केमो संपून तीन महिने झाले, तपासण्या चांगल्या आल्या, तरी चव काही परत येईना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पण हिनं मनाशी धरलं होतं की आजार गेलेलाच नाही, सगळे मिळून आपल्यापासून लपवतायत. कितीही समजावलं तरी तिला पटायचं नाही.

तिचं मन रमावं म्हणून तिच्या नवऱ्यानं दोन दिवस तंबूत राहायची टूम काढली. त्याच्या मित्राचं शेत किनवटकडे, जंगलाला लागून, बाजूला ओढा. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण बजावून दिली: जेवण शिजवलेलं आणि झाकलेलं, पाणी उकळलेलं, कच्चं काही नको, पोट बिघडता कामा नये. हे ऐकल्याबरोबर खाण्यापिण्याचा सगळा कारभार मी हातात घेतला. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि नको म्हणायची कुणाची टापही नव्हती.

दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या. पंख्याखाली पार गार झाल्यावरच फडक्यात बांधल्या, कारण गरम बांधल्या की त्यांना घाम सुटतो आणि बुरशी धरते. शेंगदाण्याची चटणी कोरड्या बरणीत भरली. भाज्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. डबे फांदीला टांगायला दोरी घेतली, आणि मुंग्यांसाठी परात: परातीत पाणी ओतायचं, मधोमध डबा ठेवायचा. शिजवायला आईचं पितळी पातेलं माळ्यावरून काढलं. आजारी माणसाचं जेवण त्यात व्हायचं, म्हणून चिंच लावून, तारेची घासणी घेऊन आतून-बाहेरून असं घासलं की आत तोंड दिसावं. स्वतःवर मी फार खूश होते.

जीप नांदेडच्या एका चाचांची होती. त्यांच्या वडिलांचा कल्हईचा धंदा होता, चाचा मात्र गाडीकडे वळले. वाटेतलं भोकर गाव मागे पडेपर्यंत मी त्यांना दोनदा थांबवून पाण्याच्या कॅनची झाकणं तपासली. तिसऱ्यांदा म्हटलं तर म्हणाले, "बाई, पानी कुटं पळून जाऊन राहिलंय का?"

पहिला दिवस बिनघोर गेला. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, माझा उपवास. सकाळी तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची आंबट भाजी शिजवली, वर लसणाची फोडणी दिली, घट्ट झाकण ठेवलं आणि आम्ही ओढ्यावर जाऊन बसलो. एक वाजता परतलो. भाजी पुन्हा खळखळून उकळली. उपवास असल्यामुळे मी काही ती चाखली नव्हती. तिचा नवरा आणि चाचा सरपण आणायला गेले होते. पहिलं ताट अर्थातच तिचं.

तिनं घास तोंडात घातला आणि थांबली.

"अक्का, कळकलंय हे."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून चुलीपुढे धुरात बसले होते मी. म्हटलं, "तुला काय कळकल्यागत लागत न्हाई, ते सांग एकदा. तुझं तोंडच तसं झालंय. खा मुकाट्यानं." तिनं डोळे मिटून अजून दोन घास खाल्ले. मी तिसराही खायला लावला.

तेवढ्यात चाचा सरपणाचा भारा टाकून हात धुवून आले. पातेल्यात डोकावले ते डोकावलेच. पळीनं भाजी बाजूला सारून तळ पाहिला, बोटाचं टोक जिभेला लावलं आणि लगेच थुंकले.

"बाई, ह्याची कल्हई कुटं गेली? सगळं पितळ उघडं पडलंय. खाऊ नका कुनी, कळकलंय हे."

भांड्याच्या आत कथलाचा तो पातळ थर असतो म्हणून तर पितळेत आंबट चालतं. जुना, झिजलेला थर मीच घासून काढला होता. आणि ते अन्न मी तिला दटावून भरवलं होतं. चार घास! चाचांनी न सांगता जीप वळवून रस्त्याकडे तोंड करून उभी केली. मागोमाग आलेल्या तिच्या नवऱ्यानं औषधांची पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली. मी तिच्यासमोर बसून राहिले. मळमळतंय का? पोटात दुखतंय का? दर पाच मिनिटांनी तेच. घड्याळात चार वाजले. तिला काही म्हणजे काही झालं नाही.

शेवटी तीच वैतागली. "अगं, न्हाई म्हनलं ना." मग पातेल्याकडे बघत म्हणाली, "अक्का, म्हंजे ते खरंच कळकलेलं होतं?"

"हाव."

"म्हंजे माझं तोंड बरोबर हाय."

ती उठली, फांदीला टांगलेला डबा खाली घेतला आणि दशमीचा तुकडा तोंडात टाकला. मग चटणीची चिमूट. मग गुळाचा खडा, तो बराच वेळ चघळत राहिली. "गोड लागतोय," ती नवऱ्याला म्हणाली. तो दुसरीकडे तोंड फिरवून चष्मा पुसायला लागला. चव कधी परतली होती कोण जाणे. जुन्या धास्तीनं ती प्रत्येक घास नुसता गिळत होती, आणि मीही तिचं म्हणणं ऐकायचं सोडून दिलं होतं.

दिवस मावळायच्या आत मी स्टीलच्या पातेल्यात पिठलं केलं. तेही न चाखताच. तिनं पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अक्का, मीठ कमी हाय. आन् लसूण जाळलास तू."

माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. नवऱ्याचंही नाही. केमो सुरू झाल्यापासून ती माझ्या हातचं सगळं चव न कळता गिळत आली होती. मी मीठ आणायला तंबूत गेले, आणि रडून घेऊन मगच बाहेर आले.