उसनं दार

दार गाडीच्या टपावर चढलं तेव्हाच काचवाल्याने हात टेकले होते. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून तो म्हणाला, "आई, आधी फोन करून विचारू तरी. बाई घरात आहे का, आपल्याला आत घेणार आहे का?"

"फोनवर दार दाखवता येतं का?" सासूबाई पुढच्या सीटवर मांड ठोकून बसल्यासुद्धा होत्या. "आणि नको म्हणायचं तर तोंडावर म्हणू दे की. चला जावईबापू, ऊन चढायच्या आत निघू."

आता या बाईपुढे कुणाचं काय चाललंय? बायको तर दाराशी उभी राहून खुशाल हसत होती. आपल्या आईला आपण गप्प करू शकलो नाही, मग हे काय करणार, असं ते हसणं. काचवाल्याने दोर पुन्हा एकदा आवळला आणि गाडी काढली.

त्या दाराची गोष्ट अशी. लढाईच्या दिवसांत सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीची खिडकी उडाली. हाडं गोठवणारी थंडी, नवरा गावाबाहेर अडकलेला आणि मांडीवर तापाने फणफणलेली तान्ही पोर. पांघरुणं टांगून झाली, कपाट सरकवून झालं, वारा काही ऐकेना. दिवेलागणीला समोरच्या घरातली बाई आणि तिचा नवरा रस्ता ओलांडून आले. दोघांनी मिळून चक्क आपल्या घराचं दार उचलून आणलं होतं. दार आडवं करून खिडकीवर ठोकलं आणि "पोरीला जप" एवढं बोलून दोघं परत गेली. सकाळी बघावं तर समोरचं घर रिकामं! ती माणसं 'त्यांच्यातली', नदीपलीकडच्यांतली होती. लढाईआधी आपल्यातलं नि त्यांच्यातलं कुणी फारसं बघत नसे. मग एकदम सगळ्यांनाच ते दिसायला लागलं, आणि नदीअलीकडे त्यांचा निभाव लागेना.

दुपारपर्यंत त्या उघड्या घरात लोक शिरले. भांडी, गाद्या, पलंग, अगदी भिंतीतला नळसुद्धा उपटून नेला. दाराच्या वर राहिलेल्या फटीतून सासूबाईंनी सगळं पाहिलं. पोर वाचली. पण त्या दिवसापासून बाईच्या जिवाला एकच घोर लागला. ते दार जागेवर असतं, तर त्यांचं घर असं धुऊन नेलं असतं का?

लढाई थांबली. गल्लीने नव्या काचा बसवल्या, हिने नाही. खिडकीवर ते दार तसंच, खोलीत भरदिवसा दिवा. पोर मोठी झाली, आणि एकदा आई बाजारात गेलेली बघून तिने गुपचूप काचवाल्याला बोलावलं. त्याने काच बसवली आणि दार भंगारात टाकायला उचललं, तेवढ्यात आई पिशव्या घेऊन हजर!

"खाली ठेव. उसनं आहे ते."

उसनं दार! असलं काही काचवाल्याने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने ते निमूटपणे कपाटामागे उभं केलं. नंतर कधी काचेभोवतीचं पुटीन सुकलं का बघायला, कधी उगाचच, तो त्या घरी जात राहिला आणि शेवटी जावईच झाला. खरं सांगायचं तर ती लढाई झाली नसती, तर त्याच्या बापाला एवढं काचेचं काम मिळालं नसतं, आणि पोराला ना धंदा मिळाला असता, ना बायको. हे मनात आलं की त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं. आपल्या सुखाचे आभार मानायचे तरी कुणाचे?

परवा कुठूनसा, ओळखीतून ओळख निघत, समोरचीचा पत्ता लागला आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

नदीपलीकडे काचवाला कधी गेलाच नव्हता. जायला बंदी नव्हती, पण कुणी उगाच जात नसे. नवा पूल चांगला रुंद होता, शेजारी जुन्या पुलाचे मोडके खांब पाण्यात उभे होते. पुढे गावं लागली. माणूस दुकानं बघतो, माणसं बघतो, हा खिडक्या बघत चालला होता. एका घराच्या काचेला चिकटपट्टीचे फुलीसारखे डाग होते. हादऱ्याने काच अंगावर येऊ नये म्हणून पट्ट्या लावायचे ना, त्यांचा डिंक खरवडूनही जात नाही. एका भिंतीला गोळ्यांचे खळगे जसेच्या तसे, आणि त्याच भिंतीतली खिडकी कोरी करकरीत. एका शाळेला सगळ्या काचा नव्या. 'आमच्यासारखंच की,' तो पुटपुटला.

"मग काय, त्यांना थंडी वाजत नाही?" सासूबाई म्हणाल्या.

जिथे पूर्वी बंदूकवाले गाड्या अडवायचे, तिथे आता पेट्रोल पंप होता. पण नेमका तिथेच एका पोलिसाने हात केला. काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीचा नंबर अलीकडचा!

"टपावर काय आहे?"

"दार आहे," त्याच्या आधी सासूबाईच बोलल्या. "यांच्या लढाईत उसनं घेतलं होतं, परत द्यायला चाललेय."

"आई, 'यांच्या' नका म्हणू," काचवाला कुजबुजला.

"बरं, आपल्या लढाईत."

पोलिसाने दाराकडे बघत गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "दोर ढिला झालाय." आणि त्याने स्वतः तो आवळून दिला. काचवाल्याने त्याचे इतक्यांदा आभार मानले, की शेवटी तोच कंटाळला.

समोरची एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहत होती. दार वर चढवताना काचवाल्याचा घाम निघाला. सासूबाई मागून सूचना देत होत्या, पण वर पोचल्यावर त्या त्याच्याच मागे लपल्या. रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरल्या होत्या. बेल त्यालाच वाजवावी लागली.

बारीक, पांढऱ्या केसांच्या बाईने दार उघडलं.

"तुझं दार आणलंय," सासूबाई कसंबसं म्हणाल्या.

समोरचीने आधी दार पाहिलं, मग त्यांना. "अगं बाई! पोर कशी आहे?"

झालं. दोघी गळ्यात पडल्या आणि काचवाला दार धरून जिन्यात तसाच उभा. मग त्यानेच बायकोला फोन लावून दिला. समोरचीने तो कानाला घट्ट धरला. "आवाज केवढा मोठा झालाय," ती म्हणाली. "अजून किरकिर करते का हो?"

"रोज," काचवाला म्हणाला.

हसणं ओसरलं तशा सासूबाई रडायला लागल्या. "पोर तुझ्यामुळे जगली. तुझे आभार मानायचे राहिले होते. पण दार दिलंस म्हणून तुझं घर लुटलं गं. मी फटीतून बघत होते, मला काही करता आलं नाही. मला माफ कर."

भिंतीवर समोरचीच्या नवऱ्याचा फोटो होता, तिकडे बघत ती म्हणाली, "वेडी आहेस का? रिकाम्या घराचं दार त्यांनी कुऱ्हाडीने फोडलंच असतं. आमचं जायचं ठरलं होतं. पिशव्या भरून झाल्या, तरी यांचा पाय निघेना. 'घर सोडतो, पण दार ओढून घ्यायला मला सांगू नकोस,' म्हणाले. माझाही हात होईना. तेवढ्यात तुझी पोर रडायला लागली. हेच म्हणाले, 'चल, दार तिला देऊ.' तू ते घेतलंस म्हणून आम्हाला दार लावावं लागलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत हे तुझं नाव काढायचे. उपकार तुझेच आहेत बाई."

सासूबाईंनी डोळे पुसले. काचवाल्यालाही नाक पुसावं लागलं. इतकी वर्षं ही बाई कपाटामागे केवढं ओझं ठेवून जगली, आणि ते ओझं नव्हतंच मुळी!

स्वयंपाकघराच्या चौकटीला नुसता पडदा होता. काचवाल्याला सुतारकामही थोडंफार यायचं आणि हत्यारं गाडीत असायचीच. दार खालून थोडं तासलं, बिजागऱ्या बसवल्या.

"खिळ्यांची भोकं बुजवू का?"

"राहू देत."

समोरचीने दार हलवून पाहिलं. मग ती आत गेली आणि तिने ते हळूच ओढून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. काचवाल्याने घाबरून सासूबाईंकडे पाहिलं.

"अगं, बरी आहेस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे," आतून उत्तर आलं. "तेव्हा लावायचं राहिलेलं लावून घेते, यांच्या वाटचंही."

सासूबाईंनी बाहेरून दारावर तळहात टेकला.

"लाव सावकाश," त्या म्हणाल्या. "आम्ही बाहेरच आहोत."