ध्रुव दिसला

माळरानावर सतरंजी टाकून आम्ही नवराबायको उताणे पडलो होतो. आकाशदर्शनाला घेऊन आलेल्या ताईंनी बोट दाखवलं, "तो बघा ध्रुव."

"एवढासा?" बायको हिरमुसली. मग हळूच म्हणाली, "लग्नात गुरुजींनी दाखवला तेव्हा मी उगाच 'दिसला' म्हणाले होते. वर तर मंडपाचं कापड होतं!"

"मीसुद्धा," मी कबूल केलं.

आम्ही इतके हसलो की शेजारच्या तंबूतूनही कुणीतरी हसलं. न बघताच 'दिसला' म्हणायचं आणि त्या भरवशावर तीस वर्षं मजेत संसार करायचा, हे धाडस माणसालाच जमतं.

चष्मा पुसून ती पुन्हा वर बघू लागली. "आता मात्र खरंच दिसला हं. तुम्हाला?"

माझा चष्मा गाडीतच राहिला होता.

"दिसला की," मी म्हणालो.